दोन सबवूफर, एक रिसीव्हर: तिन्ही जागांवर सारखा खर्ज आणण्याच्या नोंदी

४ ऑक्टोबर २०२५: खोलीचा हिशेब

खोली ५.२ मीटर लांब, ३.८ मीटर रुंद, २.९ मीटर उंच. स्क्रीन आखूड भिंतीवर. तीन जणांचा सोफा समोरच्या भिंतीपासून ३.६ मीटरवर, रुंदीच्या बरोबर मध्यात. समोरचे तीन स्पीकर ४ ओहमचे (ओहम म्हणजे विजेला होणारा रोध; तो कमी तितका करंट जास्त), बाजूचे आणि मागचे चार ८ ओहमचे. सगळे रिसीव्हरवर, म्हणजे त्यांना आवाज वाटून देणाऱ्या अँप्लिफायरवर. सील्ड म्हणजे बंद पेटीचे १२ इंची दोन सबवूफर (फक्त खर्जाचे स्पीकर, पुढे ‘सब’), दोन्ही एकाच मॉडेलचे. शिवाय आधीपासून असलेला १० इंची पोर्टेड, म्हणजे पेटीला हवेची नळी असलेला सब.

दुसरा सब आणला की खर्ज दुप्पट होतो, अशी समजूत सर्रास आढळते. दोन सारखे सब एकमेकांना चिकटून ठेवले तर ६ डेसिबल वाढतात हे खरं. पण मग खोलीचे दोषही तेवढेच मोठे होतात. इथे दुसरा सब आणलाय तो मधल्या आणि कडेच्या जागेवर एकसारखं ऐकू यावं म्हणून. पुढचे सगळे निर्णय याच एका निकषावर तपासायचे.

खोली कुठल्या वारंवारितेला घुमणार, ते आधी कागदावर. ध्वनीचा वेग ३४३ मीटर प्रतिसेकंद, त्याला मापाच्या दुपटीने भागायचं. लांबीचा पहिला मोड ३३ हर्ट्झ, रुंदीचा ४५, उंचीचा ५९, लांबीचा दुसरा ६६, रुंदीचा दुसरा ९०. सबवूफरच्या क्षेत्रातले मुख्य मोड हे पाच. पुढे आलेखावर उंचवटा किंवा खड्डा दिसला की आधी या यादीत शोधायचा, ईक्यूकडे (ठरावीक वारंवारिता कमी-जास्त करणाऱ्या फिल्टरकडे) नंतर वळायचं.

५ ऑक्टोबर: रिसीव्हर या स्पीकरना पुरेल का

रिसीव्हरवर लिहिलेली ताकद १०५ वॅट: ८ ओहम, दोन चॅनल चालू, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ. आकडा वाचताना या तीन अटी वाचायच्याच. एकच चॅनल, ६ ओहम, १ किलोहर्ट्झ आणि १० टक्के डिस्टॉर्शन या अटींवर छापलेला १८० वॅटचा आकडा याच यंत्राचा असू शकतो.

वॅटपेक्षा व्होल्टेज धरून हिशेब केला की गोंधळ कमी होतो. १०५ वॅट ८ ओहमला म्हणजे २९ व्होल्ट. समोरच्या स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक व्होल्टेजला मिळणारा आवाज, २.८३ व्होल्टला १ मीटरवर ८६ डेसिबल. २.८३ व्होल्ट म्हणजे ८ ओहमला १ वॅट, पण ४ ओहमला २ वॅट. म्हणून हा स्पीकर वॅटमागे खरा ८३ डेसिबलचा आहे. डब्यावर ८६ वाचून त्याची ८६ डेसिबलच्या ८ ओहम स्पीकरशी तुलना करणं चुकीचं.

सोफा स्पीकरपासून ३.२ मीटरवर. अंतरामुळे १० डेसिबल गेले, खोलीच्या परावर्तनाने अंदाजे ३ परत मिळाले. म्हणजे २.८३ व्होल्टला जागेवर ७९ डेसिबल. सिनेमाच्या रेफरन्स पातळीत एका चॅनलचं शिखर १०५ डेसिबल असतं. घरात सहसा त्याच्या १० डेसिबल खाली ऐकलं जातं, म्हणून लक्ष्य ९५. आणखी १६ डेसिबल हवेत, म्हणजे ६.३ पट व्होल्टेज, सुमारे १८ व्होल्ट. २९ व्होल्टच्या मर्यादेत हे आरामात बसतं.

आता करंट. ४ ओहमचा स्पीकर कुठेतरी ३.२ ओहमपर्यंत उतरतो (नाममात्र आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जायचं नाही, एवढीच सूट मानक देतं). १८ भागिले ३.२ म्हणजे ५.६ अँपिअर, तेही क्षणिक शिखरावर. ८० हर्ट्झखालचा सगळा भार सबच्या स्वतःच्या अँप्लिफायरवर जाणार असल्याने हे निभेल. पूर्ण रेफरन्सला मात्र ५७ व्होल्ट लागतील, ४ ओहमला ८०० वॅट. तिथे हाच काय, कुठलाच घरगुती रिसीव्हर पुरत नाही. तशी पातळी हवी असेल तर जास्त सेन्सिटिव्हिटीचे स्पीकर घ्यावेत. १०५ वॅटऐवजी १४० वॅटचा रिसीव्हर घेऊन १.२ डेसिबल मिळतात, ते कानाला जेमतेम कळतात.

रिसीव्हरच्या मेनूतला इम्पीडन्सचा, म्हणजे स्पीकरच्या ओहमचा पर्याय ८ वरच ठेवला. ४ वर नेला की आतला पुरवठा व्होल्टेज कमी होतो: यंत्र थंड राहतं, पण शिखरांना लागणारी उंची कापली जाते. त्याऐवजी वर १५ सेंटीमीटर मोकळी जागा सोडली.

वायर समोर २.५ चौरस मिलिमीटरची, प्रत्येकी ६ मीटर. जाऊन-येऊन रोध ०.०८ ओहम. ४ ओहमच्या ५ टक्के म्हणजे ०.२ ही मर्यादा धरली, त्याच्या बरंच आत. मागे ११ मीटरला १.५ चौरस मिलिमीटरची वायर ०.२५ ओहम देते, ८ ओहमच्या स्पीकरला चालते.

११ ऑक्टोबर: प्रोटेक्शन

चालू केल्यावर दोन सेकंदांत रिसीव्हर बंद, लाल दिवा लुकलुकतोय: स्वतःला वाचवण्यासाठी तो बंद पडतोय. अशा वेळी पुन्हा पुन्हा बटण दाबून पाहू नये, आउटपुट ट्रान्झिस्टर जाऊ शकतात. प्लग काढला, सगळ्या स्पीकर वायर रिसीव्हरकडून सोडवल्या आणि प्रत्येक जोडी मल्टिमीटरने मोजली. ४ ओहमचा स्पीकर मीटरवर ३.४ दाखवतो, ८ चा ६ ते ७, कारण मीटर फक्त कॉइलचा डीसी रोध मोजतो. डावा ३.४, उजवा ३.५, मधला ०.३.

मधल्या स्पीकरच्या मागे टॉर्च लावून पाहिल्यावर कळलं. बाइंडिंग पोस्टच्या (वायर आवळायच्या स्क्रूच्या) भोकात वायर घालताना तांब्याची एक केसाएवढी तार बाहेर राहिली होती. ती लाल टोपीखालून वळून काळ्या पोस्टच्या धातूला टेकली होती. दुरून दिसतही नाही, पॅनलवर पडलेल्या सावलीसारखी. सहाही टोकं कापली, नव्याने सोलली आणि बनाना प्लगमध्ये आवळली. मधला ३.४. रिसीव्हर सुरू.

१२ ऑक्टोबर: पाया मोजणी, एक सब कोपऱ्यात

मोजण्यासाठी लॅपटॉपवर रूम ईक्यू विझार्ड हा प्रोग्रॅम आणि यूमिक-१ हा यूएसबी माइक. माइकच्या अनुक्रमांकाची कॅलिब्रेशन फाइल घातली. माइक उभा, टोक छताकडे, कानाच्या उंचीवर म्हणजे जमिनीपासून १ मीटर. सोफ्याच्या तिन्ही जागा, प्रत्येकी १५ ते २०० हर्ट्झचा स्वीप, म्हणजे सलग चढत जाणारा सूर.

दोन सबची तुलना करायची असेल तर अकूस्टिक टायमिंग रेफरन्स चालू हवाच. यूएसबी माइकला लॅपटॉपच्या आवाजाचं घड्याळ ठाऊक नसतं, त्यामुळे प्रत्येक मोजणीची शून्य वेळ वेगळी येते आणि फेजची, म्हणजे लहर आवर्तनात कुठे आहे याची, तुलना निरर्थक ठरते. हा पर्याय लावला की प्रत्येक स्वीपआधी डाव्या स्पीकरमधून एक छोटा तीक्ष्ण चिवचिवाट येतो आणि वेळ त्यावरून धरली जाते.

सबच्या मागची बटणं: क्रॉसओव्हर पूर्ण वर, फेज ०, ऑटो-ऑफ बंद. क्रॉसओव्हर, म्हणजे खर्ज सबकडे आणि बाकी स्पीकरकडे अशी वाटणी, रिसीव्हर करणार. सबवरही तो ८० वर ठेवला तर दोन फिल्टर एकामागे एक लागतात आणि ६०–८० च्या पट्ट्यात खड्डा पडतो. रिसीव्हरमध्ये सगळे स्पीकर ‘स्मॉल’ (त्यांचा खर्ज सबकडे जातो), क्रॉसओव्हर ८०, एलएफईचा (सिनेमाच्या वेगळ्या खर्ज-चॅनलचा) लो-पास, म्हणजे वरची मर्यादा, १२०.

निकाल हिशेबाप्रमाणे. ३३ ला तिन्ही जागांवर ८ डेसिबलचा उंचवटा. ४५ ला कडेच्या दोन्ही जागा वर, मधली त्यांच्यापेक्षा १३ डेसिबल खाली. मधली जागा रुंदीच्या मध्यावर आहे आणि तिथे रुंदीच्या पहिल्या मोडचा दाब शून्य असतो. हा खड्डा ईक्यूने भरता येत नाही: ४५ वाढवलं की मधल्याला काहीच मिळत नाही, कडेच्यांच्या छातीवर दणका बसतो. एका सबने तिन्ही जागा सुधारत नाहीत, त्याचं कारण एवढंच.

१८ ऑक्टोबर: दोन सब, समोरासमोर

एक सब समोरच्या भिंतीच्या मध्यावर स्क्रीनखाली, दुसरा मागच्या भिंतीच्या मध्यावर. हरमन या ऑडिओ कंपनीचे संशोधक टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये आयताकृती खोल्यांसाठी सबच्या जागांची पद्धतशीर तुलना मांडली. तीत समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावरचे दोन सब चार सबच्या जवळ जाणारा निकाल देतात.

कारण सोपं आहे. लांबीच्या पहिल्या मोडमध्ये एका भिंतीवर दाब वाढतो तेव्हा समोरच्या भिंतीवर घटतो. दोन्ही सब एकाच वेळी ढकलतात, म्हणून एकाने दिलेलं दुसरा खोडतो. आणि दोघेही रुंदीच्या मध्यावर असल्याने ४५ चा मोड ते हलवूच शकत नाहीत.

स्क्रीनच्या कपाटाच्या पायामुळे पुढचा सब २० सेंटीमीटर बाजूला गेला. चालतं. त्या ठिकाणाहून ४५ चा मोड कोपऱ्याच्या तुलनेत १६ टक्केच हलतो.

दोन्ही सबचं गेन, म्हणजे आवाजाची पातळी, सारखं केलं, तेही प्रत्येकाच्या कोनपासून ३ सेंटीमीटरवर माइक धरून. सोफ्यावरून नाही. मागचा सब सोफ्याजवळ असल्याने तिथून मोजलं तर तो मोठा वाटतो, मग त्याचं गेन कमी केलं जातं आणि खोडणं अर्धवट राहतं.

तूर्त वाय केबलने (एकाची दोन टोकं करणाऱ्या केबलने) रिसीव्हरच्या एकाच सब आउटवर दोन्ही. स्वीप घेतला: ३३ चा उंचवटा ८ वरून १ डेसिबलवर. ४५ ला जागांमधला फरक १३ वरून ३ वर. अजून एकही फिल्टर लावलेला नाही.

दोन नवे प्रश्न मात्र दिसले. तिन्ही जागांवर ६६ ला खड्डा आणि ९० च्या आसपास दुसरा, त्याहून खोल.

१९ ऑक्टोबर: ऑटो कॅलिब्रेशनने बिघडवलेलं

वाय केबल काढून दोन सब रिसीव्हरच्या दोन स्वतंत्र आउटना लावले आणि ऑटो कॅलिब्रेशन (रिसीव्हरची स्वतः मोजून अंतर आणि पातळी लावण्याची सोय) चालवलं. नंतरच्या मोजणीत ९० चा खड्डा गेला, पण ३३ चा उंचवटा परत आला, एका सबच्या वेळेपेक्षा किंचित जास्तच.

ही चूक फार ठिकाणी होत असणार, म्हणून सविस्तर. रिसीव्हर प्रत्येक सबचं अंतर मोजतो आणि जवळच्या सबला उशीर लावतो, दोघांचा आवाज सोफ्यावर एकत्र पोहोचावा म्हणून. पुढचा सब ३.२ मीटरवर, मागचा १.३ वर. फरक १.९ मीटर, म्हणजे ५.५ मिलिसेकंद. ३३ हर्ट्झच्या एका आवर्तनाला ३०.३ मिलिसेकंद लागतात, त्यात ५.५ म्हणजे ६६ अंश. एकमेकांना खोडायला निघालेले दोन सब आता ६६ अंशांनी चुकतात. बाकी उरते ती एका सबच्या १.०९ पट. खोडणं संपलंच. त्यात मागच्या सबची पातळीही खाली आणली गेली.

मधल्या-वरच्या पट्ट्यात आवाज थेट कानाशी येतो, तिथे अंतर जुळवणं बरोबर. ३३ हर्ट्झची लहर १०.४ मीटरची, खोलीच्या दुप्पट. तिथे सोफ्यापेक्षा खोलीला काय दिलं जातं ते महत्त्वाचं, आणि खोलीला दोन्ही सब एकाच क्षणी हवेत.

पण उशीर शून्य ठेवला तर दुसरं टोक. ५.५ मिलिसेकंदांचा फरक ९० हर्ट्झला बरोबर अर्धं आवर्तन होतो, आणि तिथे दोघे सोफ्यावर एकमेकांना मारतात. कालचा ९० चा खड्डा हाच.

२५ ऑक्टोबर: सोफा पुढे, उशीर मधला

सोफा ३० सेंटीमीटर पुढे घेतला, आता ३.३ मीटरवर. या एका बदलाने दोन कामं झाली. लांबीच्या दुसऱ्या मोडचा शून्यबिंदू ३.९ मीटरवर आहे, त्यापासून सोफा दूर गेल्यामुळे ६६ चा खड्डा ५ डेसिबलने भरला. आणि दोन सबमधल्या अंतराचा फरक १.९ वरून १.३ मीटर झाला, म्हणजे ३.८ मिलिसेकंद. मारामारीची जागा ९० वरून १३२ हर्ट्झवर गेली, क्रॉसओव्हरच्या बाहेर.

जोडणी बदलली. रिसीव्हरचा एकच सब आउट मिनीडीएसपी २×४ एचडीत (उशीर आणि फिल्टर लावणारी छोटी डिजिटल पेटी, पुढे ‘डीएसपी’), तिथून दोन आउटपुट दोन सबना. आता रिसीव्हरला एकच सब दिसतो, दोघांमधला उशीर आपल्या हातात राहतो.

मागच्या सबला ०, १, १.५, २ आणि ३.८ मिलिसेकंद लावून प्रत्येकी तीन जागा मोजल्या. १.५ वर थांबलो. ३३ ला न खोडलेला भाग एका सबच्या ०.३१ पट, म्हणजे १० डेसिबल खाली, पुरेसा. ८० ला थेट आवाजाची बेरीज ०-उशिरापेक्षा ३ डेसिबल जास्त. उशीर २ च्या पुढे नेला की ३३ चा उंचवटा परत चढायला लागतो. हा आकडा या खोलीचा. दुसरीकडे नक्कल करू नये, तिथला फरक मोजून ० आणि पूर्ण फरक यांच्यामध्ये शोधावा. तीन-चार सब असतील, किंवा जागा अशा सममित नसतील, तर हाताने शोधणं अवघड होतं. तिथे मल्टी-सब ऑप्टिमायझर हा मोफत प्रोग्रॅम प्रत्येक सबची प्रत्येक जागेवरची मोजणी घेऊन उशीर, गेन आणि फिल्टर एकत्र शोधतो.

२६ ऑक्टोबर: पोर्टेड सब

तिसरा म्हणून १० इंची पोर्टेड सब बाजूच्या भिंतीला लावून पाहिला. ट्यूनिंग, म्हणजे पोर्टमधली हवा ज्या वारंवारितेला घुमते ती, २८ हर्ट्झ. त्याच्या वर ठीक, पण २२ ला तीन सब मिळून दोनपेक्षा ३ डेसिबल कमी. ट्यूनिंगखाली पोर्टमधली हवा आणि कोन उलट दिशेने चालतात आणि एकूण फेज सील्ड सबच्या विरुद्ध वळते. पोर्टमध्ये फोमचा बोळा घट्ट बसवला की भांडण मिटलं, पण ३० च्या आसपासची त्याची ताकदही गेली. काढून टाकला. सील्ड आणि पोर्टेड एकत्र चालवायचेच असतील तर निदान पोर्टच्या ट्यूनिंगखाली सगळे सब कापावेत.

१ नोव्हेंबर: ईक्यू

आता तिन्ही जागांचे आलेख जवळपास एकमेकांवर बसतात. ५९ ला ७ डेसिबलचा उंचवटा, तिन्हीकडे सारखा. हा उंचीचा मोड: दोन्ही सब जमिनीवर, म्हणून त्याला खोडणारं कोणी नाही. आणि सगळ्यांना सारखा असल्याने ईक्यूला योग्य. दोन्ही सबवर सामाईक एक फिल्टर: ५९ हर्ट्झ, −६ डेसिबल, क्यू ५ (क्यू जास्त तितका फिल्टर अरुंद). वॉटरफॉल आलेखात (आवाज कसा विरत जातो ते दाखवणाऱ्या) ५९ ची शेपटीही आखूड झाली. फिल्टर मोडशी नीट जुळला की पातळीबरोबर घुमणंही उतरतं.

कुठेही वाढ दिलेली नाही, फक्त कपात. ६६ ला उरलेला ३ डेसिबलचा खड्डा तसाच सोडला. शेवटी १२० पासून ३० पर्यंत हळूहळू ५ डेसिबलची चढण, तीही वरचा भाग कापूनच, कारण सपाट आलेखावर खर्ज कानाला कोरडा लागतो.

२ नोव्हेंबर: स्पीकरशी सांधा

डीएसपी पूर्ण झाल्यावर रिसीव्हरचं ऑटो कॅलिब्रेशन, याच क्रमाने. सबचं अंतर ४.१ मीटर निघालं, टेपने कुठूनही एवढं येत नाही. डीएसपी आणि सबच्या आतल्या फिल्टरचा उशीर रिसीव्हर अंतर म्हणून वाचतो. ते टेपप्रमाणे ‘सुधारायचं’ नाही. ट्रिम, म्हणजे रिसीव्हरने सबला लावलेली पातळी, −४ आली. −१२ सारख्या टोकाला अडकली असती तर सबचं गेन कमी करून पुन्हा चालवावं लागलं असतं, कारण टोकाला खरी पातळी कळत नाही.

मग सांधा. मधला स्पीकर आणि सब एकत्र, ४० ते १६० चा स्वीप. दोन्ही सबची पोलॅरिटी (लहरीचं अधिक-उणे) डीएसपीत मुद्दाम उलटी करायची आणि रिसीव्हरमधलं सबचं अंतर ३० सेंटीमीटरच्या पावलाने बदलत ८० ला सर्वांत खोल खड्डा शोधायचा. उंचवट्याचा माथा पसरट असतो, खड्ड्याचा तळ टोकदार, म्हणून तो अचूक सापडतो. ४.४ मीटरला १९ डेसिबल खोल मिळाला. पोलॅरिटी सरळ केली, ८० भरलेलं.

८ नोव्हेंबर: गुणगुण आणि खडखड

मागचा सब ११ मीटर केबलने जोडल्यापासून शांततेत मंद गुणगुण. सबमधून आरसीए (सिग्नलची केबल) काढल्यावर बंद, म्हणजे सब ठीक, ग्राउंड लूप: दोन वाटांनी अर्थला जोडलेल्या यंत्रांमधून फिरणारा करंट. एकेक जोडणी काढत गेल्यावर टीव्हीची अँटेना केबल सापडली. तिच्यावर कोअॅक्स आयसोलेटर (सिग्नल जाऊ देऊन अर्थची वाट तोडणारा जोड) बसवला, गुणगुण गेली. सबच्या प्लगची अर्थ पिन काढूनही ती गेली असती, पण मग आत दोष आला तर पेटीच्या धातूवर करंट येतो. ते करायचं नाही.

खडखडीसाठी सिग्नल जनरेटरवर साइन लहर हाताने २० पासून ८० पर्यंत सावकाश चढवली. ३८ ला खिडकीची काच तिच्या चौकटीत थरथरते, कडेला बोट लावलं की थांबते. काचेच्या पट्टीखाली फेल्टचे चार तुकडे. ५२ ला पडद्याच्या दांडीचं टोक, तिथे रबराची चकती.

सोफ्याच्या पायांजवळ जमिनीवर टेपच्या खुणा केल्या. झाडताना तो ३० सेंटीमीटर मागे सरकला आणि तिथेच राहिला, तर ६६ चा खड्डा परत येतो आणि ९० च्या पट्ट्यातून पुन्हा भर जाते.